हापूसच्या नावातला अफोन्सो कोण? एका आंब्याचे तीन पुरावे

‘हापूसचं नाव गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो दि आल्बुकर्क याच्यावरून पडलं.’ हे वाक्य तुम्ही नक्की वाचलंय. शाळेच्या पुस्तकात नसेल तर एप्रिलमध्ये फिरणाऱ्या फॉरवर्डमध्ये, नाहीतर आंब्याच्या पेटीवरच्या छापील माहितीत. पुढे बहुतेक वेळा हेही असतं की त्यानेच ही जात इथे आणली किंवा तयार केली. वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की ते तपासावं असं कुणाला वाटतच नाही.

पेटची, नेटची तयारी करताना आपण ‘संशोधन पद्धती’ नावाचा पेपर पाठ करतो. प्राथमिक साधन, दुय्यम साधन, गृहीतक, पडताळणी वगैरे. आज हे सगळं एका आंब्यावर वापरून बघू. मी विज्ञानाचा विद्यार्थी असल्यामुळे मध्येच रसायनं येतील, पण घाबरू नका. प्रश्न इतिहासाचाच आहे.

आधी वाक्याचे तुकडे करा

वरच्या दाव्यात तीन वेगळे दावे दडलेत.

पहिला: ‘हापूस’ हा शब्द ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नावातून आला.
दुसरा: तो अफोन्सो म्हणजे आल्बुकर्क.
तिसरा: आल्बुकर्कने ही जात आणली किंवा तयार केली.

तिन्ही एका दमात म्हटले की एकमेकांच्या आधाराने उभे राहतात. पहिला पटला म्हणून आपण दुसरा गिळतो आणि दुसऱ्यामागून तिसरा. सिनॉप्सिसवर गाइडची लाल रेघ बहुतेकदा अशाच ठिकाणी पडते. म्हणून प्रत्येकाला वेगळा पुरावा मागायचा.

न आलेला ‘ल’

पहिला दावा भाषेचा आहे. पोर्तुगीज भाषेत हे नाव ‘अफोन्सो’, उच्चार साधारण ‘अफोंसु’. त्यात ‘ल’ नाही. इंग्रजी ‘अल्फान्सो’मध्ये मात्र ‘ल’ आहे. आता आपल्या किनाऱ्यावरचे शब्द बघा: कोकणीत आफूस, मराठीत हापूस, गुजरातीत हाफूस. एकातही ‘ल’ नाही.

म्हणजे हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला नाही. पोर्तुगीज बोलणाऱ्यांच्या तोंडून तो कानाने उचलला, मग त्याला पुढे ‘ह’ चिकटला, मधला अनुनासिक गळला, ‘फ’चा ‘प’ झाला. मंडईत नाव असंच घडतं. शेजारी पुरावाही आहे. गोव्याचा लाडका मानकुराद हा पोर्तुगीज ‘माल कोरादु’वरून, म्हणजे ‘रंग नीट न चढलेला’. पायरीचा संबंध ‘पेरिश’ या आडनावाशी जोडतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या आंब्यांची पोर्तुगीज नावं हा अपवाद नाही, रीतच आहे.

पहिला दावा भक्कम. पण या पुराव्याची मर्यादाही लगेच वहीत लिहून ठेवा: ध्वनी सांगतो की नाव अफोन्सो होतं. कोणता अफोन्सो, हे ध्वनी सांगू शकत नाही. सोळाव्या शतकातल्या गोव्यात अफोन्सो नावाची माणसं काही थोडी नव्हती.

पाच वर्षं आणि एक झाड

तिसरा दावा आधी घेऊ, कारण तो कॅलेंडरवर तपासता येतो. आल्बुकर्कने गोवा पक्कं जिंकलं ते नोव्हेंबर 1510 मध्ये. डिसेंबर 1515 मध्ये तो गोव्याच्या तोंडाशी जहाजावरच वारला. मधली पाच वर्षं. त्यातला बराच काळ मलाक्का, एडन आणि होर्मुझच्या स्वाऱ्यांत गेला.

आता बागेचं कॅलेंडर. आंब्याच्या कलमाला बरं उत्पन्न यायला चार-पाच वर्षं लागतात, कोयीपासून वाढवलेल्या झाडाला त्याहून जास्त. एखादं झाड उत्तम आहे हे ओळखायला दोन-तीन हंगाम बघावे लागतात, मग त्याची कलमं बांधायची, मग त्यांना फळ. या माणसाच्या वेळापत्रकात हे बसत नाही. आणि ‘बाहेरून आणली’ म्हणावं तर आंबा मुळात आपल्याच भागातला. ब्राझीललाच तो पोर्तुगीजांमार्फत नंतर पोचला.

पण थांबा. यातून फक्त तिसरा दावा कोसळतो. ‘त्याच्या मृत्यूनंतर कुणीतरी त्याच्या सन्मानार्थ नाव दिलं’ ही शक्यता अजून शाबूत आहे. एका दाव्याचं खंडन झालं की शेजारचाही मेला असं समजणं हा नवख्या संशोधकाचा आवडता घोटाळा. दुसऱ्या दाव्यासाठी आपल्याला त्या काळच्या माणसांकडे जायला हवं.

ओर्ताची टोपली

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्याला आला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूपातला ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. मुंबई बेटावर त्याची जमीन होती. आंब्यावरच्या संवादात एक गंमत आहे. मुंबईहून त्याचं कूळ गव्हर्नरला नजर करण्यासाठी आंब्यांची टोपली घेऊन येतं. ओर्ता म्हणतो, साहेबांच्या आधी आपणच चव बघू, आणि नोकराला सहा आंबे काढायला सांगतो.

त्याच जागी तो एक बारीक निरीक्षण नोंदवतो. मुंबईतलं त्याचं ते झाड वर्षातून दोनदा फळतं, एकदा अवेळी आणि एकदा मेच्या अखेरीस. मेच्या फळाला वास आणि चव जास्त चांगली, अवेळीच्या फळाचं कौतुक ते अवेळी येतं म्हणून. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तूर्त आपल्या कामाची गोष्ट वेगळी. ओर्ता चांगले आंबे सांगतो तेव्हा प्रदेशाच्या नावाने सांगतो: गुजरातचे, निजामशाहीतल्या शहरांचे, मुंबईचे. आपण आजही ‘नागपूरची संत्री’ म्हणतो, तसं.

मानुचीची यादी

आता साधारण 1700 पर्यंत पुढे या. निकोलाओ मानुची हा व्हेनिसचा माणूस आपल्याला ओळखीचा आहे. पुरंदरच्या तहाच्या वेळी जयसिंगाच्या छावणीत शिवाजी महाराज भेटल्याचं सांगणारा आणि पुढे पोर्तुगीजांचा वकील म्हणून संभाजी महाराजांकडे गेलेला, तोच हा. मुघलांवरच्या त्याच्या ग्रंथात आंब्यावर एक परिच्छेद आहे. सर्वांत चांगले आंबे गोवा बेटावरचे, असं सांगून तो जातींची डझनभर नावं देतो, आणि वर म्हणतो की रंग, वास आणि चव यांवरून यांतही पोटभेद आहेत.

यादीतलं पहिलं नाव: निकोलाव अफोन्सो.

पुढची नावं बघा. पांढरी आणि तांबडी ‘काररैरा’. ‘कोंद’, म्हणजे सरदाराचा. ‘पोर्ता’, म्हणजे दाराचा. ‘नोसा सेन्योरा’, म्हणजे मरियम मातेचा. कुणा जुआंव पारैराचा. आणि ‘मायनातु’, म्हणजे चक्क धोब्याचा.

सुटं नाव बघण्यापेक्षा त्याची शेजारपाजार बघा, असं इतिहासाचे लोक सांगतात ते यासाठी. या यादीत आंब्याला नाव पडतं ते झाड कुणाचं किंवा कुठे उभं आहे यावरून. दाराशी असलेलं झाड, सरदाराचं झाड, धोब्याचं झाड. अशा मंडळींत निकोलाव अफोन्सो शोभून दिसतो. तो साम्राज्य स्थापणारा नाही, बाग असणारा माणूस आहे. शिवाय आल्बुकर्कच्या नावात ‘अफोन्सो’ हे पाळण्यातलं नाव, तर इथे ते आडनावाच्या जागी आहे. पूर्ण नाव तोंडात बसेना की मागचा भाग उरतो, जसं जुआंव पारैरातून पारैरा उरावं.

हा पुरावा निर्णायक आहे का? न्यायालयात नाही. पण दोन दावे समोरासमोर ठेवा. एका बाजूला अफोन्सो नाव असलेला आंबा त्या काळच्या माणसाने पूर्ण नावानिशी नोंदवलेला. दुसऱ्या बाजूला आल्बुकर्कचं प्रसिद्ध नाव आणि फक्त नावाचं साम्य. प्रसिद्ध माणसं आसपासच्या अनामिकांची कामं आपल्याकडे ओढून घेतात. आपल्याकडे प्रत्येक जुनं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं, तसंच हे.

ओर्ता ते मानुची: मधे काय घडलं?

आता खरी मौज. सुमारे 140 वर्षांच्या अंतरात आंब्याची ओळख प्रदेशावरून माणसावर आली. का?

उत्तर कोयीत आहे. हापूससारखे आपले बहुतेक आंबे एकभ्रूणी आहेत, म्हणजे कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून तयार होतो. आई ठाऊक, बाप कोणता ते मधमाश्यांना आणि माश्यांना माहीत. म्हणून हापूसची कोय लावली तर हापूस येईलच असं नाही, रायवळ येतो. ‘धोब्याच्या दारचा’ आंबा कितीही गोड असला तरी कोयीने तो पुढच्या पिढीत जात नाही. झाड मेलं की नाव मेलं.

नाव टिकवायचं तर कलम हवं. जुनी पद्धत भेटकलमाची: कुंडीतलं रायवळाचं रोप चांगल्या झाडाच्या फांदीशी नेऊन दोघांना जखम करून बांधायचं, जोड बसला की फांदी आईपासून कापायची. नंतर कोकणात कोयकलम आणि मृदुकाष्ठ कलम आलं. पद्धत कोणतीही असो, खुंट रायवळाचा आणि वरची काडी जातीची. वर वाढणारं झाड ही नवी पिढी नव्हेच. ते जुनंच झाड दुसऱ्या पायांवर उभं केलेलं.

म्हणजे एका माणसाच्या झाडाचं नाव शेकडो झाडांना लागतं आणि बेटभर फिरतं ते कलमामुळेच. मानुचीची यादी ही कलमांच्या प्रसाराची खूण आहे. आंब्याला पद्धतशीर कलम करण्याचा संबंध पोर्तुगीज गोव्याशी जोडण्याचं मत इतिहासकारांत बरंच रूढ आहे, ते या यादीशी जुळतं.

लगेच कुणीतरी म्हणेल, ‘पण आपल्या वृक्षायुर्वेदात कलम होतंच की!’ होतं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, खोडावर रोपण करायच्या झाडांची यादी आहे. त्यात फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष आहेत. आंबा नाही. शिवाय त्यात केळ आहे! बागेतल्या कुठल्याही पद्धतीने केळीवर कलम बसत नाही. ती एकदल, तिच्या खोडात जोड धरणारा तो वाढीचा थरच नसतो. म्हणजे जुना ग्रंथ हा प्रयोगशाळेचा प्रोटोकॉल म्हणून वाचायचा नसतो. त्यावरून ‘कलमाची कल्पना होती’ हे म्हणता येतं. ‘आंब्यावर कलम होत होतं’ हे नाही, आणि ‘मुळीच होत नव्हतं’ हेही नाही. यादीत नसणं म्हणजे जगात नसणं नव्हे.

वास मोजायचा कसा?

नाव झालं, कलम झालं. पण तुम्ही-आम्ही हापूस ओळखतो तो नाकाने. अढी उघडली की घरभर जो दरवळतो, तो पुरावा म्हणून चालेल का?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूसच्या वासावर वर्षानुवर्षं काम केलंय. फळातली उडून जाणारी संयुगं गॅस क्रोमॅटोग्राफीने वेगळी करायची, मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखायची. प्रमाणाने पाहिलं तर हापूसमध्ये टर्पीन संयुगांचा वरचष्मा असतो. ती कैरीतही असतात. कैरी कापल्यावर येणारा तो हिरवट, तिखट दर्प बराचसा त्यांचा. पिकताना मात्र दुसरी मंडळी येतात: लॅक्टोन आणि फ्युरॅनोन. लॅक्टोनांचा वास नारळाकडे, पीचकडे झुकणारा, सायीसारखा. फ्युरॅनोनांतलं फ्युरॅनिऑल हे स्ट्रॉबेरी आणि अननसातही असतं, जळत्या साखरेच्या गोड वासाचं. 2013 मध्ये याच गटाने हापूसमधलं फ्युरॅनिऑल घडवणारं एन्झाइमही दाखवलं.

इथला धडा विज्ञानाच्या मुलांसाठी. आलेखावर सर्वांत उंच शिखर ज्याचं, तोच वासाचा मालक असं नसतं. फ्युरॅनिऑल नाकाला अगदी सूक्ष्म प्रमाणातही कळतं. म्हणून प्रमाण भागिले नाकाला जाणवण्याची किमान पातळी, असं गुणोत्तर काढतात. संख्येने मोठं आणि परिणामाने मोठं यातला फरक इतिहासालाही लागू आहे. कागद जास्त म्हणून माणूस महत्त्वाचा, असं नाही.

आता ओर्ताचं ते वाक्य आठवा. एकच झाड, दोन बहर, वास वेगळा. ते झाड हापूसचं होतं असं मी म्हणत नाही. पण त्याने टिपलेली गोष्ट आजचं रसायनशास्त्रही सांगतं. पुण्याच्याच गटाने कोकणातल्या वेगवेगळ्या ठिकाणचा हापूस तपासला, तर वासाच्या घटकांत ठिकाणानुसार फरक दिसला. जात एक, कलम एक, तरी जमीन, हवा, तोडणीची वेळ, पिकवण्याची पद्धत यांनी वास बदलतो. म्हणजे वास फक्त ‘कोणती जात’ एवढं सांगत नाही. ‘कुठे आणि कशी वाढली’ हेही त्यात मिसळलेलं असतं. दोन आंब्यांच्या वासाची तुलना करायची असेल तर दोन्ही पिकण्याच्या एकाच टप्प्यावर असायला हवेत, नाहीतर तुम्ही जात मोजलीच नाही, दिवस मोजलेत.

दोषही ओळख असतो

वारशाच्या जातीबद्दल लिहिताना आपण फक्त गुण लिहितो. केशरी गर, रेषा नाहीत, पातळ साल, टिकाऊपणा. पण हापूसची तितकीच पक्की खूण म्हणजे साका. बाहेरून फळ देखणं, आत गर पांढरट, पोकळ, आंबूस. याचं सुरुवातीचं वर्णन कुठे सापडतं? 1932 आणि 1933 मध्ये युरोपला पाठवलेल्या आंब्यांवर चीमा आणि दाणी यांनी लिहिलेल्या, 1934 च्या मुंबई शेतकी खात्याच्या अहवालात. निर्यात सुरू झाली, पेटी विलायतेत उघडली, तेव्हा घरगुती कुरबुर शास्त्रीय प्रश्न झाली. पुढे बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की मूळ कोयीत आहे: फळ झाडावर असतानाच बी रुजण्याच्या तयारीला लागतं आणि त्याची किंमत गर मोजतो.

उपाय म्हणून कोकणात संकर झाले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून 1981 मध्ये नीलम आणि हापूस यांचा ‘रत्ना’ आला, साका नसलेला. 1992 मध्ये रत्ना आणि हापूस यांचा ‘सिंधू’, अगदी पातळ कोयीचा. दोन्ही गुणी. तरी बाजारात हापूसची गादी हललेली नाही. दोषासकट तोच हवा, कारण तो वास.

मग हापूस म्हणायचं कुणाला?

2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरीकडे कर्नाटकातही हापूसची लागवड आहे, आणि गेल्या काही वर्षांत आफ्रिकेतल्या मलावीचा हापूस हिवाळ्यातच वाशीच्या बाजारात दिसायला लागलाय. 2020 मध्ये आंब्याचा जो जनुकसंच चिनी संशोधकांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाला, तोही हापूसचाच.

यातला ‘खरा’ कोणता, या भांडणात बागायतदाराचा वर्षाचा पैसा अडकलेला आहे, म्हणून ते नीट भांडलं पाहिजे. आपले तीन पुरावे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. नाव सांगतं, कुणी, कुठल्या भाषेत हाक मारली. कलम, आणि आता डीएनए, सांगतं की झाड कोणत्या वंशाचं. वास सांगतो, ते झाड कुठे वाढलं आणि फळ कसं पिकलं. मलावीचं झाड वंशाने हापूस असू शकतं आणि तरी देवगडचा वास त्यात नसेल. मानांकन वंशाचं रक्षण करत नाही, ठिकाणाचं करतं. एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्या प्रश्नाला जोडला की आल्बुकर्कची गोष्ट तयार होते.

विषय शोधत असाल तर मानुचीच्या यादीकडे परत या. निकोलाव अफोन्सो टिकला, कारण त्याच्या फांदीला दर पिढीत कुणीतरी कलम बांधत राहिलं. धोब्याच्या आंब्याचं, दाराच्या आंब्याचं काय झालं? एखाद्या गोवेकर परसात वेगळ्या नावाने ते झाड उभंही असेल. तुमच्या गावातही आजीच्या तोंडी असलेली रायवळांची नावं असतील: शेपू, खोबऱ्या, साखऱ्या, काय असतील ती. त्यांना छापील साधन नाही आणि कलमही नाही. या मेमध्ये एक वही करा. झाडाचं नाव, नाव कुणी सांगितलं, झाड कुणाच्या बांधावर, कोयीचं की कलमाचं, फळ कधी पिकतं, वास कशासारखा. तारीख टाका. मानुचीने एवढंसुद्धा लिहिलं नव्हतं, तरी तीनशे वर्षांनी आपण त्याच्या एका परिच्छेदावर उभे आहोत.